आखाला आवळलेली फळी

अमेरिकेत लढाई पेटली आणि आमच्या अंजनगावच्या कापसाला सोन्याचा भाव आला. घाई मला आधीच फार. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं बायको उगाच म्हणत नसे. त्या वर्षी मेळघाटातून बांबू आणताना वाटेत गाडीच्या चाकांमधला आख तडकला. कडेला एका झाडाखाली जुन्या सागवानी फळ्या रोवलेल्या होत्या. एक उपटली, दोरानं आखाला आवळली आणि निघालो. फळीवर सूर्य, चंद्र आणि घोडेस्वार कोरलेले होते. ते दिसलेच नाहीत असं म्हटलं तर खोटं होईल.

गाडी चालतेय म्हटल्यावर सुताराकडे जायचं राहूनच गेलं. पंधरा दिवसांनी कोरकू माणसं वेचणीसाठी डोंगरातून उतरली. बोंडं उकलली होती आणि नेमकं आभाळ भरून आलं होतं. त्यांच्यातली एक म्हातारी गाडीजवळ थबकली, चाकाशी बसली आणि फळीशी बोलू लागली. बाकीच्यांनी वेचणं थांबवलं. ही माणसं उठून गेली तर सगळा कापूस झाडावरच भिजणार होता.

म्हातारीचा जावई आधीही वेचणीला येऊन गेलेला, त्याला आमची बोली येत होती.

“सासऱ्याची हाये फळी,” तो म्हणाला. “मेल्या मानसासाठी आमी रोवतो. तो त्यातच राह्यते.”

“म्हातारी काय मनून राह्यली त्याले?” मी विचारलं.

“घाबरू नको मन्ते. तो जित्तेपनी कदी खाली उतरला नाही. इथं त्याले कोनाची बोली समजत नाही.”

ती हळू आवाजात बोलतच होती, परगावी आजारी पडलेल्या माणसाशी बोलावं तशी. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. लाज वाटली, आणि भीती तर होतीच. दोर सोडला. फळी काढून मी तिच्या मांडीवर ठेवली.

“माह्यं चुकलं,” मी म्हणालो.

जावयानं ते तिला सांगितलं. तिनं फळीला सांगितलं आणि फळीला कान लावून बसली. आभाळ आणखी काळवंडलं. वावरात कोणी हलेना. शेवटी ती जावयाशी काहीतरी बोलली.

“काय मन्ते?” मी विचारलं.

“तो इचारून राह्यला,” जावई म्हणाला, “का तुमच्या गाडीले आता काय लावसान?”