दोन वायरी, एक माड

आकांक्षा पुण्याची नोकरी सोडून मालवणला परतली तेव्हा शहाण्यासुरत्यांनी तिला वेड्यात काढलं. ती ऐकते कसली! तिने भाईकाकांच्या, म्हणजे सख्ख्या चुलत्याच्या, घराच्या पडवीत ऑफिस थाटलं. उर्वशी आणि आणखी तीन मुली तिथे बसून पुण्याच्या एका कंपनीसाठी रुग्णांचे फोन घ्यायच्या. उर्वशीची आई मासे विकते. लेकीच्या डोक्यावर पाटी येऊ नये, एवढंच तिचं देवाकडे मागणं.

इंटरनेट मात्र सारखं रुसायचं. शेवटी कंपनीने बजावलं, पुन्हा लाइन गेली तर काम काढून घेऊ. आकांक्षाने ऑफिसांची नेटवर्कं जोडणाऱ्या सत्यवानला बोलावलं. त्याने लोड बॅलन्सिंग राउटर बसवायचं ठरवलं. दोन कंपन्यांच्या दोन लाइनी, काम दोन्हींवर वाटलेलं, एक मेली तर दुसरी सगळा भार उचलणार. अट एकच: एक लाइन रस्त्याकडून आणि दुसरी मागच्या महादूच्या आवारातून यायला हवी. दोन्ही एकाच वाटेने आल्या तर राउटर नुसता शोभेला.

महादू हा भाईकाकांचा चुलतभाऊ. दोन आवारांमधल्या चिऱ्याच्या गडग्यावरून, म्हणजे कुंपणाच्या भिंतीवरून, दोघांत बिनसलं ते बिनसलंच. देवळात गावाचं गाऱ्हाणं देवाला घालणं चालू असताना दोघे शेजारी उभे राहून 'व्हय म्हाराजा' म्हणतात आणि पायरी उतरली की तोंडं फिरवतात. असली यांची भक्ती!

वायरी ओढायच्या दिवशी आकांक्षाला इन्व्हर्टरची बॅटरी आणायला कुडाळला जावं लागलं. "तू जा गो, मी बघतंय," काका म्हणाले. ती परतली तेव्हा राउटरवर दोन हिरवे दिवे लागले होते. "म्हादूकाकांकडसून आणली मां?" तिने विचारलं. "तर काय!" म्हणत काकांनी सगळ्यांना गोड खाजं वाटलं.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी वारा सुटला. मागे काहीतरी कडाडलं आणि दोन्ही दिवे विझले. आकांक्षा धावत मागे गेली. दोन्ही वायरी आपल्याच आवारातल्या एका माडाला बांधलेल्या होत्या आणि सुकी झावळ दोन्ही तोडून खाली पडली होती.

"काका, ह्या काय?"

"म्हाद्याकडे तोंड वेंगाडूचा? तेच्यापरास मेलेला बरा! मीच वायरवाल्याक सांगलंय, दोनव माडाक बांध म्हणान."

गडग्यापलीकडे महादू उभाच होता. "एक वायर माझ्याकडसून व्हयी, ह्या माका सत्यवानान आधीच सांगलेला," तो म्हणाला. "दोनव वायरी एका माडाक बांधताना मी बघलंय. पण ह्यो बोलाक नाय, मगे मी कित्याक बोलू?"

आकांक्षाला शिसारी आली. एकाने मुलींच्या पोटावर पाय दिला, दुसऱ्याने तो देताना मजा बघितली, आणि दोघांच्याही मिशांना पीळ होता. दोघांच्याही तोंडावर थुंकावं असं तिला वाटलं. संध्याकाळी कंपनीने काम बंद केल्याचं कळवलं. "दुसरा काम गावतला," म्हणत काकांनी पानाला चुना लावला.

काही दिवसांनी ती मासळीबाजारात गेली, तर उर्वशी आईच्या शेजारी पाटी मांडून बसली होती. पुढ्यात भाईकाका उभे होते. बोटाने सुरमईचा कल्ला उचलून ते विचारत होते, "ताजी आसा मगे?" उर्वशीने मान खाली घालूनच होकार दिला.

दुपारी ती सुरमई तळून ताटात आली. काकांनी आग्रहाने मोठी तुकडी आकांक्षाला वाढली आणि ती न जेवताच पानावरून उठली.