वेचणीतला गोलकीपर

देविदास गेल्याचं त्याच्या मुलाने फोनवर सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून आधी शिवीच निघाली. महिना झाला, अजून राग जात नाही. दिवाळीला मोताळ्यात भेटायचं ठरलं होतं आणि हा गडी न सांगता निघून गेला... सांगून-सवरून काही करायचा त्याचा स्वभावच नव्हता म्हणा.

कॉलेजात फुटबॉलची टीम पहिल्यांदाच उभी राहिली होती. निम्मे जण अनवाणी. मी बॅकला, माझ्यामागे गोलात देविदास. दुसरा गोलकीपर आमच्याकडे नव्हताच. पडत-झडत सेमीफायनलला पोचलो आणि नेमकं आभाळ भरून आलं. देविदासच्या वावरात कापूस पांढराशुभ्र फुटलेला, मजूर मिळेना. आदल्या दिवशी आम्ही सगळी टीम वेचायला उतरलो, तरी अर्धं वावर राहिलंच. "जाय," त्याचे वडील, आबा, त्याला म्हणाले, "पन कापूस भिजला त या जन्मात बॉलले हात लावू देनार नाई." आबा बोलले की बोलले, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

बुलडाण्याच्या मैदानावर आम्ही एका गोलने पुढे होतो, पण माझा जीव थाऱ्यावर नव्हता. गोलात उभा राहून हा वर बघत होता. "आभाळात काय पाहून राह्यला बे? बॉल समोर आहे!" मी ओरडलो. "मोताळ्याकडून काळं येऊन राह्यलं," तो म्हणाला. शेवटी शेवटी आमच्यावर पेनल्टी बसली. समोरच्याने अशी काही लाथ घातली की मी डोळेच मिटले. उघडले तेव्हा बॉल बारवरून गेला होता आणि देविदास हात काखेत दाबून बसला होता. शिट्टी झाली. आम्ही नाचायला लागलो आणि तो थेट एसटी स्टँडकडे पळत सुटला. मग आम्हीही त्याच्या मागे.

वावरात पोचलो तेव्हा थेंब पडायला लागले होते. आबा एकटेच वाकून वेचत होते. आम्ही भराभर कापूस भरायला कमरेला ओट्या बांधल्या. देविदासचं मधलं बोट वांग्यासारखं सुजलेलं.

"काय झालं त्याले?" आबांनी विचारलं.

"बोंड लागलं."

आबा वेचतच राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "अडवला का?"

"हाव."

"मंग घरी जाय. शेक त्याले."

तो गेला नाही. डाव्या हाताने वेचत राहिला. बराच कापूस भिजला, पण आबांनी त्या अटीचं नाव पुन्हा काढलं नाही. बोट मात्र कायमचं वाकडं झालं. फायनलला गोलात मी उभा राहिलो. स्कोअर विचारू नका.

परवा वहिनींना भेटायला वावरात गेलो. त्या बोटामुळे देविदासची वेचणी संथ. वहिनी आपली ओळ संपवून वावराच्या कडेला धुऱ्यावर थांबायच्या, तो आला की दोघं मिळून पुढच्या ओळींना लागायचे. परवाही त्या धुऱ्यावर उभ्या होत्या. शेजारच्या ओळीतला कापूस तसाच.

"वहिनी, ऊन झालं. चला घरी."

"थांबा भाऊजी," त्या म्हणाल्या, "त्यायची ओळ यायची आहे."

मी ओटी बांधली आणि त्या ओळीत शिरलो.