फाइलची पाठराखीण

नातवंडांनो, आज दसऱ्याची माळ ओवताना झेंडूचा कडवट वास बोटांना लागला आणि मी मनानं थेट चाकणला, तुमच्या आईबाबांच्या जुन्या वर्कशॉपमध्ये जाऊन पोचले. त्या दसऱ्याला एका मोठ्या कंपनीकडे त्यांचा पहिला माल निघायचा होता. यंत्रांना हळदकुंकू लागलं होतं, ट्रक दारात उभा होता, पण खोक्यांवरची लेबलं छापली जात नव्हती, आणि लेबलाशिवाय कंपनी माल आत घेत नसे. लेबलांची माहिती डेटाबेसमध्ये होती, आणि तिथून ती आणणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालेना. पडद्यावर एकच तक्रार, लायब्ररीची, म्हणजे त्या प्रोग्रामला लागणाऱ्या तयार कोडची, फाइल सापडत नाही. "आई, फाइल इथंच आहे, डोळ्यांसमोर! आंधळं आहे का मेलं हे?" तुमची आई कडाडली. बाहेरून ट्रकवाला ओरडला, "ताई, आज निघायचं का पुढच्या दसऱ्याला?" मी म्हटलं, "अगं, नवरी आली असेल, पाठराखीण मागे राहिली असेल. हिच्यासोबत कोण लागतं ते तरी बघ." तिनं भराभर एक कमांड टाइप केली. त्या फाइलला लागणाऱ्या इतर लायब्रऱ्यांची नावं पडद्यावर आली, आणि त्यातली एक खरंच नव्या कॉम्प्युटरवर नव्हती! ती बसवली मात्र, आणि प्रिंटर खडखडायला लागला. तुमचे बाबा गरम लेबलं घेऊन अनवाणीच धावले. ट्रक वळणाआड गेला तेव्हा मी भर रस्त्यात टाळ्या वाजवत होते, आणि पोरांनो, हे लिहितानाही मी पेन खाली ठेवून पुन्हा एक टाळी वाजवली.