माझे चार दिवस

"काकू, अजून किती वर्षं चालणार हे तुमचं?"

चैत्राच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसमोर वहिनींनी मला विचारलं. बायका हसल्या. कुणी तोंडाला पदर लावून, कुणी तशाच.

मी त्यांची स्वयंपाकीण. रत्नागिरीकडची, विधवा. वहिनींच्या नवऱ्याची, साहेबांची, बदली कलकत्त्याला झाली, गार्डन रीचच्या हपिसात, तेव्हा त्यांच्या आईचं सोवळं सांभाळायला मला बरोबर आणली. बालीगंजच्या त्या बिऱ्हाडात मी राबत होते. त्या दिवशी डाळ वाटून झाली होती, पन्हं गाळत होते, आणि एकदम अंगावर गेलं. कितीतरी महिने काही नव्हतं. मला वाटलं होतं, सुटले. मी वहिनींना बाजूला बोलावून हळूच सांगितलं. त्यांनी ते सगळ्या दिवाणखान्याला ऐकवलं. डाळ, पन्हं, सगळं मोरीत गेलं.

"पन्नाशी आली तरी ताळतंत्र नाही," आजी म्हणाल्या. आजी म्हणजे साहेबांच्या आई.

मग मला जिना. घराच्या मागं गोल लोखंडी जिना होता, झाडूवाल्याला वर यायला. बाहेरची झाले की मी तिथं बसायचं. झाडूवाला आला की अंग चोरून उठायचं. वर ऊन, खाली तापलेलं लोखंड, आणि आतून माझा स्वतःचाच जाळ. मानेपासून कानापर्यंत वाफ उठायची. लुगडं भिजायचं. छाती धडधडायची, मग थंडी वाजायची. उगाच रडू यायचं. वाटायचं, वेड लागतंय. कुणाला विचारणार?

वहिनी बाहेरच्या झाल्या की कुठं बसायच्या? खिडकीजवळच्या खाटेवर. पंख्याखाली. मासिक वाचत. विटाळ एकच. बुडं दोन.

त्याच संध्याकाळी साहेबांना वाढताना वहिनी म्हणाल्या, "काकूंचं एकदाचं बंद झालं की बारा महिन्यांची सोय होईल."

"हो ना," साहेब म्हणाले.

जिन्यावर मला सगळं ऐकू आलं. माझा देह जळत होता आणि हे सोय बघत होते. मी उठले. डागाच्या लुगड्यानं तशीच जेवणघराच्या दारात जाऊन उभी राहिले. आजी किंचाळल्या. साहेबांचा घास हातातच राहिला.

मी म्हटलं, "जिन्यावर मी बसणार नाही. गच्चीवरची खोली द्या. नाहीतर उद्यापासून चूल तुमची."

हाकलली असती मला. पण स्वयंपाकाला बंगाली ठाकूर ठेवावा तर त्याच्या हाताला मासळी, आजी पाण्याचा थेंब घ्यायच्या नाहीत. आणि सोवळ्यातली मराठी बाई कलकत्त्यात काय झाडाला लागते? खोली मिळाली.

माझं बंद होऊन आता बरेच दिवस झाले. मी सांगितलेलं नाही. दर महिन्याला म्हणते, "वहिनी, मी बाहेरची," आणि वर जाते. पाय पसरून पडते. खाली वहिनी ओलेत्यानं स्वयंपाक करतात. भांडी आपटल्याचा आवाज वर येतो. फार गोड लागतो.

हल्ली त्यांचाही चेहरा मधेच लाल होतो. पदरानं वारा घेतात. परवा विचारत होत्या, "काकू, हे काय होतंय हो मला?" मला पुरतं ठाऊक आहे काय होतंय. "उष्णतेचं असेल," म्हटलं. दया येत होती. येऊ दिली नाही.

भाद्रपदात गौरी जेवायच्या आहेत. साहेबांचे वरिष्ठ येणार, इथली झाडून सगळी मराठी मंडळी येणार. पुरणपोळ्या, सोळा भाज्या, सगळं वहिनींनी आत्ताच माझ्या गळ्यात घातलंय. मी हो म्हटलंय. त्या दिवशी पुरण शिजलं, पानं मांडली, की मी बाहेरची होणार. वर जाऊन आतून कडी लावणार. कुणी कितीही हाका मारल्या तरी दार उघडणार नाही.