बाईसाहेबांचे नवे ब्रेक

सरांनी आयुष्यभर लोकांच्या बोटांना वळण लावलं. बाजारामागच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर त्यांचा टायपिंगचा क्लास होता. दोन ओळींत मांडलेली यंत्रं, खिडकीशी सरांची खुर्ची, आणि दिवसभर असा कडकडाट की खालचा चप्पलवाला गिऱ्हाइकाशी खुणांनीच बोलायचा. अक्षरांवर फडकं टाकून सर मुलांना टाइप करायला लावायचे. चुकीच्या बोटाची सवय एकदा लागली की ती मोडताना काय मारामार होते, हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि याच माणसानं पुढे जो घोळ घातला, त्यावर हसावं की रडावं ते तुम्हीच ठरवा.

क्लास बंद झाला, यंत्रं भंगारात गेली, आणि सरांपाशी उरली ती त्यांची गाडी. बदामी रंगाची, गोल दिव्यांची, त्यांच्या सासऱ्यांनी वापरून दिलेली. घरात तिला बाईसाहेब म्हणायचे, कारण मर्जी असली तरच चालू व्हायची. ब्रेक दाबला की डावीकडे ओढायची, पण सरांना त्याचं काही वाटत नसे. या गाडीच्या स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपत नसे. सख्ख्या मुलालासुद्धा "तू क्लच तुडवतोस" एवढं ऐकवून त्यांनी विषय संपवला होता. तो बिचारा नोकरीसाठी परगावी गेला, तो बाईसाहेब न चालवताच. सूनबाई तर रोज पहाटे उठून टेम्पो चालवायची, दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या कारखान्याचा. पण घरची गाडी तिलाही नाही. ती हसायची आणि सोडून द्यायची. एकेकाळी ती सरांच्याच क्लासला होती, त्यामुळे लग्नानंतरही तिच्या तोंडातून सासऱ्यांना "सर"च निघायचं.

सूनबाई पहाटे बाहेर पडायची म्हणून नातीला शाळेत सोडायचं काम सरांकडे आलं. काम कसलं, त्यांच्या दिवसाचा सगळा गोडवा तेवढ्यात होता. घरात ती पोर हूं की चूं करायची नाही, पण गाडीत मागच्या सीटवर बसली की तिची टकळी सुरू. वर्गात कोण कुणाशी बोलत नाही, कुणाच्या डब्यातलं कोण खातं, बाईंच्या चपलेचा आवाज कसा येतो. बायको गेल्यापासून सरांशी असं भरभरून बोलणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं.

शाळेच्या अलीकडे एक उतार आहे. एके दिवशी तिथं पाण्याची मोठी पाइपलाइन फुटली आणि रस्त्यावर पाणीच पाणी झालं. सरांनी गाडी हळूच पाण्यातून काढली, पुढे जाऊन ब्रेक दाबला, तर काही नाही. दुसऱ्यांदा दाबला, तरी नाही. बाईसाहेब आपल्या तोऱ्यात उतार उतरत शाळेच्या फाटकाला जाऊन टेकल्या. फाटक हललं, दिवा फुटला, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. नात खिदळत उतरली आणि संध्याकाळी घरी आल्यावर आईला हात उडवून उडवून सगळं सांगून मोकळी झाली.

सूनबाईनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "सर, गाडी तुमची, पोरगी माझी," ती म्हणाली. "मला खात्री वाटेल असे ब्रेक बसेपर्यंत ती व्हॅननं जाईल."

दुसऱ्या दिवसापासून दाराशी व्हॅन यायला लागली. सर आत वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि एकाच ओळीवर नजर लावून राहायचे. घर कसं खायला उठायचं.

मिस्त्री म्हणजे सरांचा जुना दोस्त. त्याचं गॅरेज म्हणजे लांबट शेड, मधोमध खड्डा, आणि पाने अडकवलेल्या भिंतीवर प्रत्येक पान्याची बाह्यरेषा रंगवलेली. त्यानं बाईसाहेबांचं पुढचं चाक काढून आतला गोल डबा दाखवला. "हे बघ मास्तर. या डब्यात दोन लाइनर असतात. ते बाहेर फाकतात आणि डब्याला घासतात. आत पाणी शिरलं की लाइनर सटकतात. त्यापेक्षा पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क बसवू. उघडी चकती, दोन्ही बाजूंनी चिमटा. पाणी आलं तरी फिरता फिरता उडून जातं."

"बसव," सर म्हणाले. "काय लागेल ते बदल."

डबे निघाले, चकत्या आल्या, पेडलचा दाब चाकांपर्यंत पोचवणारा, त्यांना जुळणारा वरचा मास्टर सिलिंडरही नवा आला. ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांतली हवा काढताना मिस्त्री खड्ड्यातून ओरडायचा, "दाब", आणि सर पेडल दाबून धरायचे. शेवटी पेडल असं घट्ट लागलं की सरांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी हसू आलं.

मग चाचणी. गॅरेजसमोरचा सरळ रस्ता, स्टिअरिंगवर सर, शेजारी मिस्त्री. सरांनी वेग घेतला, ब्रेक दाबला. गाडी थांबली खरी, पण उजवीकडे सरकून.

"आधी डावीकडे ओढायची, आता उजवीकडे," मिस्त्री म्हणाला. "बाईसाहेबांनी पक्ष बदलला की काय."

सरांना हसू येईना. गाडी पुन्हा खड्ड्यावर गेली. पुन्हा हवा काढली, रबरी नळ्या तपासल्या, चिमट्यांतले डावे-उजवे पॅड अदलाबदल केले, टायरमधली हवा मोजली, बेअरिंग पाहिले. सगळं जागच्या जागी. आणि पुन्हा रस्त्यावर काढली की पुन्हा उजवीकडे. मिस्त्री रात्री जेवतानासुद्धा चिमट्यांचा विचार करायला लागला, असं त्याची बायको सांगायची. अखेर त्यानं हात टेकले.

"एकदा मला चालवू दे रे," तो म्हणाला.

"तू क्लच तुडवतोस," सर म्हणाले.

"मग बस घेऊन तुझी बाईसाहेब," मिस्त्रीही भडकला. "डॉक्टरनं नाडी बघायची नाही आणि रोग ओळखायचा, असली तुझी तऱ्हा."

सर तणतणत गाडी घेऊन घरी आले. त्या संध्याकाळी त्यांनी सूनबाईला खरं ते सांगितलं. काही लपवलं नाही. "थांबते चांगली, पण उजवीकडे जाते. मिस्त्री कंटाळला. आता काही होईल असं वाटत नाही. तिला व्हॅननंच जाऊ दे." शेवटच्या वाक्याला त्यांचा आवाज कापरा झाला, आणि ते तिलाही कळलं.

मग तिनं हात पुढे केला. "किल्ली द्या. मी बघते."

आता बोला. सख्ख्या मुलाला नाही, दोस्ताला नाही, आणि ही किल्ली मागते. सरांच्या तोंडापर्यंत ते क्लचचं वाक्य आलंही होतं. पण सकाळी दाराशी थांबणारी ती व्हॅन त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. त्यांनी किल्ली दिली.

गोदामांमागच्या मोकळ्या मैदानावर सूनबाईनं गाडी नेली. सर शेजारच्या सीटवर अंग चोरून बसले. त्या सीटवर ते जन्मात पहिल्यांदाच बसत होते. तिनं वेग घेतला, ब्रेक दाबला. बाईसाहेब सुतासारख्या सरळ उभ्या राहिल्या. पुन्हा केलं, पुन्हा सरळ. मैदानाच्या दुसऱ्या टोकाकडून केलं, तरी तेच.

"सर, हिला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "आता तुम्ही चालवा. मी फक्त तुमचे हात बघते."

सरांनी ब्रेक दाबला, गाडी उजवीकडे गेली, आणि सूनबाई म्हणाली, "बघा, पाय ब्रेकवर गेला की तुमचे हात उजवीकडे वळतात. गाडी आधी डावीकडे ओढायची ना, तिला सरळ ठेवायची सवय आहे ही. आता ती ओढत नाही, तरी तुम्ही वळवताय."

ज्यानं जन्मभर दुसऱ्यांची बोटं सुधारली, त्याला स्वतःचे हात काय करतात याचा पत्ता नव्हता. बिचाऱ्या मिस्त्रीला उगीच धारेवर धरलं. आणि त्याहून वाईट म्हणजे, गाडीची खोट पान्यानं निघते, ही हातांतली कशी निघायची? त्यांना आतून भीती वाटली, आता नात आपल्या गाडीत कधीच यायची नाही.

"म्हणजे खोट माझ्यात आहे," ते म्हणाले. "मग गाडी तूच ठेव."

"माझी बोटं चुकायची तेव्हा तुम्ही मला क्लास सोडायला सांगितलं होतं का?" सूनबाई म्हणाली. "हळू घ्यायला लावलं होतंत. तसंच घ्या. आधी चालण्याच्या वेगानं."

मग काय, गुरूची शिष्या झाली मास्तरीण आणि शिष्याच्या जागी सर. रोज संध्याकाळी मैदान. आधी अगदी मुंगीच्या चालीनं, मग जरा जोरात. हात वळले की ती त्यांच्या मनगटाला बोट लावायची, बस, शब्द नाही. सर चिडायचे, स्वतःवरच. एकदा तर "मला नाही जमत" म्हणून उतरून चालत निघाले; ती गाडी घेऊन शेजारून हळूहळू येत राहिली, शेवटी झक मारत बसले. मिस्त्रीही एकदा मजा बघायला आला. सरांनी त्याची माफी मागितली, आणि तो म्हणाला, "माफी ठेव, एकदा चालवू दे." सरांनी दिली. त्यानं क्लच खरोखरच तुडवला, पण सर काही बोलले नाहीत.

आणि एका संध्याकाळी मनगटाला बोट लागलंच नाही. सरांनी पुन्हा ब्रेक दाबला, पुन्हा लागलं नाही. सूनबाई मांडीवर हात ठेवून समोर बघत बसली होती. "घरी चला," ती म्हणाली, "भूक लागली."

व्हॅनवाल्याला तिनं त्याच रात्री नको म्हणून कळवलं. सरांना हे सकाळी कळलं, जेव्हा नात दप्तर घेऊन थेट गाडीशी जाऊन उभी राहिली. सूनबाई केव्हाच कामावर गेली होती. म्हणजे बघायला ती थांबलीसुद्धा नव्हती. सरांनी चष्मा पुसला आणि मागचं दार उघडलं.

शाळेच्या उतारावर एक हातगाडीवाला अचानक आडवा आला. सरांचा पाय ब्रेकवर गेला, हात जिथल्या तिथं राहिले, आणि गाडी त्याच्यापासून चांगली लांब, सरळ रेषेत थांबली. हातगाडीवाला मान हलवून निघून गेला. सरांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी वळून मागे पाहिलं. बाईंच्या नव्या चपलेचा आवाज जुन्या चपलेपेक्षा कसा वेगळा येतो, हे नात सांगत होती, आणि गाडी थांबल्याचं तिच्या लक्षातही आलं नव्हतं.