मागे बसणाऱ्या काकू

काकूंचा चेहरा मी नीट पाहिला तो बऱ्याच उशिरा. त्याआधी ओळखीचा झाला होता तो त्यांचा उजवा हात. तंबोऱ्याच्या तारांवरून संथ फिरणारी दोन बोटं आणि मनगटात सोन्याची एक पातळ बांगडी. स्टेजवरचा उजेड गायकावर पडे आणि काकू त्याच्या डाव्या खांद्यामागे अर्ध्या अंधारात बसलेल्या असत. त्या मान डोलवत नसत, डोळे मिटत नसत, कधी 'वा' म्हणत नसत. इथे जन्मलेली मुलं त्यांना 'ड्रोन आंटी' म्हणत, कारण कार्यक्रमाच्या पत्रकावर तंबोऱ्याला इंग्रजीत 'ड्रोन' असं छापलेलं असे. काकूंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "ड्रोन म्हणजे ते उडणारं ना? बरं आहे. निदान नावात तरी उडते."

लंडनच्या हाउन्सलो भागातलं आमचं आर्ट्स सेंटर म्हणजे एका जुन्या शाळेचा हॉल, शेजारी छोटंसं कॅफे आणि मागे फरसबंद अंगण. उन्हाळा आला की दर शनिवारी संध्याकाळी तिथे मैफल व्हायची आणि दर बुधवारी दुपारी जुने सिनेमे दाखवायचे. मी पुण्याहून नोकरीसाठी आले, तेव्हा ओळखीचं कोणी नव्हतं. माझं काम आठवड्यातून चारच दिवस होतं, म्हणून बुधवारी आणि शनिवारी मी सेंटरमध्ये खुर्च्या लावायला जाऊ लागले. सेंटरचा मॅनेजर ग्रॅहम नावाचा एक मवाळ, दमलेला गृहस्थ होता. आपल्या मैफलींचं सगळं देशमुखकाका बघत. आणि देशमुखकाकांनी कोणताही गायक बोलावला तरी त्याच्यामागे तंबोऱ्यावर काकू असणार, हे ठरलेलंच होतं.

काकू तंबोरा घेऊन बसने यायच्या. गवसणीत गुंडाळलेला तो उंच तंबोरा बाबागाडीच्या जागेत उभा करून, त्याला एका हाताने धरून त्या शेजारी बसत. एकदा एक तरुण आई बाळाला घेऊन चढली आणि तिने जागा मागितली. काकूंनी तंबोरा दोन्ही पायांमध्ये घेतला, तिला जागा दिली आणि मला मराठीत म्हणाल्या, "तिचं वर्षभरात चालायला लागेल. माझं अजून कडेवरच आहे."

हॉलमध्ये त्या सगळ्यांच्या आधी पोचत. खिडक्या बंद करायला लावत, ग्रॅहमला पंखा थांबवायला सांगत आणि मग कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून तंबोरा लावत बसत. विमानतळ जवळच, त्यामुळे आमच्या डोक्यावरून विमानं उतरत. अंगणातल्या मैफलीत तर गायकाला मधेच थांबावं लागे. पाहुणे गायक वैतागत. काकू मात्र विमान जाईपर्यंत तारा छेडत राहत. मी एकदा विचारलं, "तुम्ही कशाला वाजवता? कोणालाच ऐकू येत नाही."

"अगं, तो परत सुरू करेल तेव्हा त्याला उभं राहायला जमीन नको का?"

बुधवारच्या सिनेमाला येणारी माणसं म्हणजे बहुतेक पेन्शनर. गोऱ्या आज्या, पंजाबी बायका, आमची तीन-चार मराठी जोडपी. कधी इंग्रजी चित्रपट, कधी हिंदी, सगळे कृष्णधवल. काकू शेवटच्या रांगेत बसत. नायिका गात असली की बाकीच्यांचं लक्ष तिच्याकडे आणि काकूंचं मागच्या वादकांकडे. "तो सारंगीवाला बघ. त्याला सांगितलंय हलू नकोस. मेल्याला मान खाजवायची आहे, पण कॅमेरा चालू आहे." मी हसायची. त्या हसत नसत. सिनेमा संपायला आला की त्या शेवट न बघताच उठून कॅफेत जाऊन बसत. म्हणत, "शेवट काय, सगळ्यांचा माहीत असतो."

काकू गात होत्या हे मला पहिल्यांदा त्या कॅफेतच कळलं. मी सहज विचारलं होतं, "काकू, तुम्ही कधी गायलात?" त्यांनी चहात साखर घातली, ढवळली आणि म्हणाल्या, "गात होते." बाकीचं मग हळूहळू, तुकड्या-तुकड्यांनी समजलं. सांगलीला त्या एका बाईंकडे शिकत. बाई कडक होत्या. एकच पलटा महिना-महिना घोटून घेत. बाईंनी त्यांना मैफलीत स्वतःच्या मागे बसवायला सुरुवात केली होती आणि पुढच्या वर्षी पुढे बसवायचं म्हणत होत्या. तेवढ्यात लंडनचं स्थळ आलं. तंबोरा बाईंनीच दिला. काकूंच्या सामानात साड्यांपेक्षा जास्त जागा त्याने घेतली.

इथे आल्यावर विमानातल्या जेवणाचे ट्रे भरण्याची नोकरी लागली. सगळं काम थंडगार खोल्यांमध्ये. पहाटे उठून जायचं, दुपारी यायचं. घर सेमी-डिटॅच्ड, शेजाऱ्यांची आणि यांची भिंत एकच. काकूंनी गळा मोकळा केला की पलीकडून भिंतीवर ठकठक व्हायची. काकूंचे यजमान वाईट नव्हते. त्यांचं एकच म्हणणं असे, "शेजाऱ्यांशी कशाला वाकडं घ्यायचं? थोडं नंतर बघू." आधी घराचं कर्ज फिटू दे, मग मुलीची, अनुजाची शाळा होऊ दे, मग तिचं लग्न. "मग यांचंच आजारपण निघालं," काकू म्हणाल्या. "ते गेले, मी रिटायर झाले. आता 'नंतर' आलंय बघ. पण येताना हात हलवत आलंय."

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात मुंबईचा एक तरुण गायक आला. काकू नेहमीसारख्या तंबोरा लावून बसल्या होत्या. त्याने खिशातून फोन काढला, त्यावर तंबोऱ्याचं ॲप सुरू केलं, फोन स्पीकरला जोडला आणि अतिशय नम्रपणे वाकून म्हणाला, "काकू, माझं सगळं यात सेट असतं. तुम्ही आज समोर बसून आरामात ऐका." देशमुखकाकांची पंचाईत झाली. ते म्हणाले, "नाही नाही, काकूंना बसू द्या. मागे कोणी नसलं की स्टेज रिकामं दिसतं." काकू बसल्या. त्यांच्यापुढचा माइक मात्र साउंडवाल्याने उचलून नेला.

पुढे सगळेच ॲप घेऊन येऊ लागले आणि काकूंच्या पुढचा माइक कायमचा गेला. तरी त्या येत, खिडक्या बंद करायला लावत, तंबोरा लावत आणि दोन तास वाजवत. मला राहवेना. बसमध्ये एकदा म्हणाले, "तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"फर्निचरला वाटतं का?" त्या म्हणाल्या. आमचा स्टॉप येताना म्हणाल्या, "मला ऐकू येतं ना. गायकाला येतं की नाही, त्याचं तो बघेल."

दोन वर्षांपूर्वी वसंतात बातमी आली, की हा सेंटरचा शेवटचा उन्हाळा. छत धोक्याचं झालं होतं आणि ते दुरुस्त करायला कौन्सिलकडे पैसे नव्हते. जागा विकायची होती. सभा झाली, सह्या गोळा झाल्या. पंजाबी बायका बोलल्या, एक गोरी आजी बोलता बोलता रडली. कौन्सिलच्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सगळ्यांचे आभार मानले. आमचं काही चालणार नाही, हे त्या आभारांवरूनच कळलं. काकू मागे बसून होत्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी देशमुखकाकांना फोन केला.

देशमुखकाकांनी तो फोन मला नंतर सांगितला. काकू म्हणाल्या, "शेवटच्या शनिवारी मला वीस मिनिटं पाहिजेत."

"कशाला, काकू?"

"गायला."

देशमुखकाका गडबडले. म्हणाले, "काकू, त्या दिवशी पुण्याची आर्टिस्ट आहे, सगळं टाइट आहे."

"तिच्या आधी. लोक खुर्च्या शोधत असतात तेव्हा," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत या बाईने काही मागितलं नव्हतं. देशमुखकाकांना नाही म्हणवेना.

त्या उन्हाळ्यात काकू बुधवारच्या सिनेमाला यायच्या बंद झाल्या. मी एकदा डबा घेऊन त्यांच्या घरी गेले, तर त्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून षड्ज लावत होत्या. आवाज घोगरा होता, पण सुरात होता. मला बरं वाटलं. मी म्हटलं, "शेजारी काही म्हणत नाहीत ना आता?"

"आता तरुण जोडपं आहे. चांगली आहेत पोरं. मी परवा विचारलं, माझा त्रास होतो का? ती म्हणाली, कसला त्रास?" काकूंनी तंबोरा मांडीवरून उतरवून भिंतीला टेकवला. "तिला ऐकूच जात नाही गं. पूर्वी भिंतीपलीकडे जायचा, म्हणून लोक ठोकायचे. आता भिंतीपर्यंतसुद्धा पोचत नाही."

"माइक असेल की तिथे," मी म्हणाले.

"हो. आता परत देतील ना माइक." एवढं बोलून त्यांनी पुन्हा तंबोरा घेतला.

शेवटच्या शनिवारी अनुजा लीड्सहून आली. ती तिथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. आईच्या मागे तंबोऱ्यावर तीच बसणार होती. काकूंनी ॲपला साफ नकार दिला होता. दुपारभर त्यांनी तिला हात कसा ठेवायचा ते शिकवलं. अनुजा घाबरली होती. तिच्या इंग्रजाळलेल्या मराठीत मला म्हणाली, "माझा बोटं दुखते. आई म्हणते, घाई नको, एकसारखी वाजव. पण मी तर फक्त मोजत बसते."

हॉल भरलेला होता. सेंटरला निरोप द्यायला बुधवारची सगळी माणसंही आली होती. काकू पुढे येऊन बसल्या, आणि स्टेजच्या उजेडात त्यांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. गोरा, ओढलेला, ओठांच्या कडेला बारीक घाम. मोतिया रंगाची साडी नेसल्या होत्या. त्यांनी अनुजाकडे वळून पाहिलं, मान हलवली आणि सुरुवात केली.

खालचे सूर चांगले लागले. पाच-सात मिनिटं त्या सावकाश, जपून, एकेका सुरावर थांबत गेल्या आणि हॉलमध्ये कोणी हलत नव्हतं. शेजारी बसलेल्या देशमुखकाकांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या. मग काकू वर जाऊ लागल्या. वरचा सा घ्यायला गेल्या आणि आवाज फाटला. त्या थांबल्या, पाणी प्यायल्या, खालून परत चढत आल्या. पुन्हा तिथेच फाटला. तिसऱ्यांदा तर सूर नव्हताच, नुसती हवा. अनुजाचा हात थांबला होता. काकूंनी मागे न बघता तिला हळू आवाजात सांगितलं, "तू वाजव." तिने वाजवलं. काकू डोळे उघडे ठेवून समोर बघत बसल्या. मग माइकमध्ये म्हणाल्या, "नाही येत." आणि लोकांसाठी इंग्रजीत, "सॉरी. इट इज नॉट देअर."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खूप वाजवल्या, काही जण उभे राहिले. माणसं भली होती. काकू त्या टाळ्या संपेपर्यंत मान खाली घालून बसल्या, जशी एखादी बाई पाऊस थांबायची वाट बघते.

मध्यंतरात कॅफेत सगळे त्यांच्याभोवती जमले. देशमुखकाका म्हणाले, "काकू, सुरुवात काय सुंदर झाली. वयाचं असतंच हो थोडं." मी म्हणाले, "छान झालं, काकू."

"खोटं बोलू नका रे," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "मी आयुष्यभर मागे बसून ऐकलंय. मागून सगळं कळतं."

उत्तरार्धात पुण्याची मुलगी ॲप लावून गायली. तिचा वरचा सा सहज, हसत लागला. काकू पूर्ण वेळ थांबल्या. शेवटपर्यंत ऐकलं आणि त्या मुलीला जाऊन सांगितलं, "आवाज जप. पण फार जपत बसू नकोस."

सेंटरभोवती पत्र्याचं कुंपण उभं राहायच्या आतच काकू घर विकून लीड्सला अनुजाकडे गेल्या. मी तिथे एकदाच गेले. तंबोरा वरच्या खोलीत आडवा ठेवलेला होता, तारा उतरवलेल्या. तिथल्या मंडळाच्या लोकांनी साथीला बोलावलं होतं, त्यांना काकूंनी नाही म्हणून कळवलं होतं. दिवसभर टीव्हीवर बातम्या चालू असत. गाणं लागलं तर त्या चॅनल बदलत. मी म्हटलं, "काकू, निदान ऐकत तरी जा." त्या म्हणाल्या, "जेवण झालंय माझं. आता वास कशाला?" जाताना त्यांनी मला दारापर्यंत सोडलं, माझ्या कोटाची कॉलर सारखी केली आणि आत गेल्या.

या वर्षी थंडीच्या अखेरीस त्या न्यूमोनियाने गेल्या. अनुजाचा फोन आला. तिने विचारलं, आईच्या आवाजातलं काही रेकॉर्डिंग कोणाकडे आहे का? सगळीकडे चौकशी केली. मैफलींची रेकॉर्डिंगं ढीगभर निघाली, पण त्यात काकूंचा आवाज असणं शक्यच नव्हतं. शेवटी ग्रॅहमने त्या शेवटच्या शनिवारची फाइल शोधून पाठवली. अनुजाने ती ऐकली की नाही, मी विचारलं नाही.

लीड्सच्या क्रेमेटोरियममध्ये आम्ही जेमतेम पंधरा माणसं होतो. तिथला माणूस हळूच येऊन अनुजाला म्हणाला, की म्युझिक द्यायचं असेल तर आत्ताच द्या, शवपेटी आत जाताना लावतो. देशमुखकाकांनी फोन पुढे केला. त्यात एका मोठ्या गायिकेचं भजन होतं. ते सेंटरमधल्या एका मैफलीतलं होतं आणि तेव्हा मागे तंबोऱ्यावर काकूच बसल्या होत्या. "हे लाव, बेटा," ते म्हणाले, "यात तुझी आई आहे."

अनुजाने फोन हाताने मागे सारला. "नको, काका. दुसऱ्याची गाणं नको," ती म्हणाली. "तिची सगळी लाइफ दुसऱ्याचीच गाणं होती."

मग ती त्या माणसाकडे वळली. "नो म्युझिक, थँक यू."

त्याने मान हलवली आणि बटण दाबलं. शवपेटीपुढचा पडदा सरकला. त्याच्या मोटरची घरघर थोडा वेळ येत राहिली, मग तीही थांबली. आम्ही बाहेर आलो तेव्हा पुढच्या कुटुंबाच्या गाड्या येऊन उभ्या होत्या.