वाडीचा फॉर्म मी भरला

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगायला बसलेय खरी — पण कुठून धरू?

मी आरोग्यसेविका. माझं माहेर डोंगरावरच्या वाडीत. तिथून डांबरी रस्त्याला यायला दोन तास उतरावं लागतं, मध्ये ओढा. लग्न होऊन कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीला आले, तरी डोळे मिटले की तीच वाट दिसते — करवंदीच्या जाळ्या, आणि वरून हाका मारणारी पारू. पारू माझी लहानपणची मैत्रीण. पुढं माझ्याच भावाची बायको झाली.

सहा वर्षांपूर्वी सरकारची योजना आली. लांबच्या वाड्यावस्त्यांवर उपकेंद्रं काढायची होती. गरज कुठं आहे, ती पाहणी आम्हीच करायची. आमच्या वाडीचा फॉर्म माझ्याकडं दिला — वाट मला माहीत म्हणून. साहेब सहज म्हणाले, "केंद्र झालं तर तुम्हालाच तिथं टाकू. घरचं माणूस."

नुकतंच घर बांधलं होतं, मुलगी कोल्हापुरात शाळेला जात होती. ज्या वाडीसाठी जीव तुटायचा, तिथं राहायचं म्हटल्यावर — मला नको झालं.

फॉर्मवर मी वाट अर्ध्या तासाची लिहिली. पावसाळ्यात अडचण? नाही, असं लिहिलं. सही केली. फॉर्म साहेबांच्या टेबलावर ठेवला. केंद्र दुसऱ्या गावाला गेलं.

पुढच्याच पावसाळ्यात पारूला कळा सुरू झाल्या. ओढा भरून वाहत होता. भावानं आणि शेजाऱ्यांनी तिला घोंगड्याच्या झोळीतून खाली आणलं, आणि दुपारभर सगळे काठावर बसून राहिले. पाणी उतरलं तोवर उशीर झाला होता. पारू वाचली. बाळ गेलं. मुलगा होता.

दवाखान्यात मी तिच्या उशाशी बसले. माझा हात धरून ती म्हणाली, "वन्सं, तुमी लिवलंच आसंल की. त्या सायबास्नीच आमची वाडी दिसत न्हाय."

मी मान हलवली. हो म्हणून.

त्यानंतर माहेरी गेले नाही. पारू दर वर्षी नाचणीचं पीठ पाठवते. त्याची भाकरी तोंडात घातली की वाडीचा धूर, ओल्या कुडाचा वास — सगळं येतं, आणि घास फिरत राहतो.

यंदा दुसऱ्या सेविकेनं नव्यानं पाहणी केली, खरं ते लिहिलं. केंद्र मंजूर झालं. मी तिथं बदली मागितली. जागा एका नव्या मुलीला दिली होती.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी पारूचा फोन आला. "नारळ तुमीच फोडायचा. याच की!"

येते म्हणाले. सकाळी साडी नेसले, पिशवी भरली. दारापर्यंत गेले. मग फोन लावून सांगितलं, ताप आलाय.

ताप नव्हता.